रस्ता बंद कीं रस्ता खुला ?

गेल्या वर्षीं एका तासाला मीं नववीच्या वर्गांत एक साधा प्रश्न विचारला : "रस्ता कशासाठीं असतो ?" उत्तरें भराभर आलीं. कोणी म्हणालें, गाड्या जाण्यासाठीं ; कोणी म्हणालें, शाळेंत येण्यासाठीं ; एकानें 'रहदारीसाठीं' असा भारदस्त शब्द वापरला आणि तो विजयी मुद्रेनें आजूबाजूस पाहूं लागला. शेवटच्या बांकावरील एक मुलगा मात्र थोडा वेळ विचार करून म्हणाला, "सर, माझ्या आजीची बहीण आमच्या समोरच्याच चाळींत राहते. पण मधला रस्ता ओलांडतां येत नाहीं, म्हणून आजी सहा महिन्यांत तिच्याकडे गेलेली नाहीं. दोघी गॅलरींतूनच एकमेकींना हात करतात." वर्गांत हशा पिकला, पण तो लगेच विरलाहि.

विरला याचें कारण असें कीं, त्या मुलानें नकळत एक मोठी गोष्ट सांगून टाकली होती. जो रस्ता दोन घरांना जोडण्याकरितां बांधला, तोच दोन बहिणींच्या मध्यें पुरांतील नदीसारखा आडवा आला होता. आणि ही कांहीं एकाच चाळीची कथा नव्हे. आपल्या आजोबांच्या तोंडून आपण ऐकतों कीं, त्यांच्या लहानपणीं गल्लींत विटीदांडू, लगोऱ्या आणि लपंडाव चालत. संध्याकाळीं ओट्याओट्यांवर शेजारीपाजारी बसत. येणाराजाणारा घटकाभर थांबून ख्यालीखुशाली विचारी. त्यांच्या दृष्टीनें रस्ता हें घराचें पुढलें अंगण होतें. आज त्याच ठिकाणीं क्षणभर थांबणेंहि धोक्याचें झालें आहे. हें कसें घडलें, आणि जगांतील कांहीं शहरांनीं आठवड्यांतून निदान एक सकाळ तें अंगण परत कसें मिळविलें, हें विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

अंगण कसें हरपलें ?

मोटारगाडीच्या आगमनापूर्वीं शहरांतील रस्ता सर्वांचा होता. त्यावर चालणारा, खेळणारा, भाजी विकणारा आणि बैलगाडी हांकणारा, या सर्वांचा अधिकार जवळ जवळ सारखाच मानला जाई. मोटारीबरोबर वेग आला आणि वेगाबरोबर भय आलें. अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरांत दाट वस्तीच्या गल्ल्यांतून खेळणारीं मुलें विसाव्या शतकाच्या प्रारंभीं गाड्यांखालीं सांपडूं लागलीं. मुलांना दुसरें मैदान नव्हतें. तेव्हां तेथील पोलीस खात्यानेंच १९१४ सालीं कांहीं गल्ल्या ठराविक वेळीं वाहनांस मना करून मुलांना खेळण्यासाठीं मोकळ्या करून दिल्या. इंग्लंडमध्यें १९३८ सालीं याच हेतूनें पार्लमेंटनें एक स्वतंत्र कायदा केला आणि 'खेळाच्या गल्ल्या' ठरविण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला. एके काळीं तेथें अशा गल्ल्या शेंकडों होत्या. पुढें मोटारी इतक्या वाढल्या कीं, त्या उभ्या करण्यासच जागा पुरेना. तसतशा त्या गल्ल्या बहुतेक नाहींशा झाल्या.

आपल्या देशाची स्थिति काय आहे, तें आंकड्यांवरून पाहावें. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांपैकीं ३२,८२५ माणसें पायीं चालणारीं होतीं. भागाकार करून पाहिला तर दर दिवशीं सुमारें नव्वद पादचारी, म्हणजे आपल्या शाळेचे जवळ जवळ दोन वर्ग, असा हिशेब निघतो. हे आंकडे सरकार मोजतें. परंतु दुसरी एक हानि कोणत्याहि अहवालांत येत नाहीं. भीतीमुळें ज्या मुलास आई खालीं पाठवीत नाहीं, ज्या म्हाताऱ्या मनुष्याचें फिरणें सुटलें, ज्या शेजाऱ्यांची तोंडओळखहि उरली नाहीं, त्यांची गणना कोण करणार ? आपल्या त्या आजीची नोंद कोणत्या रकान्यांत होणार ?

बोगोटा शहरांतील रविवार

या हानीवर एका दूरच्या शहरानें जो उपाय शोधला, तो समजून घेण्यासारखा आहे. दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशाची राजधानी बोगोटा ही अँडीज पर्वतांतील एका विस्तीर्ण पठारावर वसली आहे. समुद्रसपाटीपासून तिची उंची सुमारें २,६०० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्या जवळ जवळ दुप्पट आहे. विषुववृत्त जवळ असूनहि या उंचीमुळें तेथें बारा महिने थंड हवा असते. शहराच्या पूर्वेस हिरव्या डोंगरांची भिंतच उभी आहे. गेल्या शतकांत खेड्यापाड्यांतून लोकांचे लोंढे या शहराकडे आले व लोकवस्ती झपाट्यानें वाढली. मोटारी वाढल्या, धूर वाढला, आणि गरीब वस्त्यांतील कुटुंबांना बाग किंवा मैदान म्हणून कांहीं उरलें नाहीं.

१५ डिसेंबर १९७४ रोजीं तेथील कांहीं सायकलप्रेमी नागरिकांनीं अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन शहरांतील दोन प्रमुख रस्ते कांहीं तासांपुरते मोटारींना बंद केले, आणि हजारों माणसें सायकलीवरून तेथें उतरलीं. मोटारींची गर्दी, हवेंतील धूर आणि मोकळ्या जागेचा अभाव यांविरुद्ध तो एक प्रकारचा निषेध होता. परंतु त्यांत घोषणांपेक्षां आनंदच अधिक होता. दोन वर्षांनीं, १९७६ सालीं, शहराच्या शासनानें हुकूम काढून या उपक्रमास अधिकृत रूप दिलें. त्याचें नांव 'सिक्लोव्हिया', म्हणजे सायकलींचा मार्ग. नांवांत सायकल असली तरी हा मार्ग आरंभापासून चालणाऱ्यांचा, धांवणाऱ्यांचा, चाकांच्या बुटांवरून घसरणाऱ्यांचा, आणि बाबागाडींतून निजलेल्या तान्ह्या मुलांचाहि आहे.

वाचकांस वाटेल कीं, यानंतर सर्व कांहीं सुरळीत चाललें असेल. तसें झालें नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत मार्ग वाढले. पुढें शासनाचें लक्ष उडालें, तसे ते पुन्हां आखडले. अखेरीस १९९५ सालीं शहराच्या क्रीडा व मनोरंजन संस्थेकडे हें काम सोंपविण्यांत आलें. तेव्हांपासून विस्कळित मार्ग एकमेकांस जोडले गेले आणि त्यांचें एक जाळेंच तयार झालें. आज त्या जाळ्याची लांबी सुमारें १२७ किलोमीटर आहे. मुंबईहून निघून लोणावळा मागें टाकावा, इतकें हें अंतर होतें. आणि तें सर्व एकाच शहरांत आहे!

ही व्यवस्था चालते कशी ?

दर रविवारीं आणि सार्वजनिक सुटीच्या दिवशीं सकाळीं ७ वाजतां हे रस्ते मोटारींना बंद होतात आणि दुपारीं २ वाजतां पुन्हां सुरू होतात. येथें एक बारकावा लक्षांत घेण्याजोगा आहे. पुष्कळ ठिकाणीं मोठ्या रस्त्याच्या दोन बाजूंपैकीं एकच बाजू लोकांकरितां राखली जाते व दुसरी वाहनांकरितां ठेवली जाते. त्यामुळें शहराचा व्यवहार ठप्प होत नाहीं. जेथें आडवे रस्ते येतात, तेथें अडथळे उभे करून गणवेशधारी रक्षक उभे असतात. ते लोकांना थांबवून वाहनें जाऊं देतात, मग वाहनें थांबवून लोकांना जाऊं देतात. पडलेल्यास प्रथमोपचार करणें, हरवलेलें मूल आईबापांच्या स्वाधीन करणें, सायकल वेगानें दामटणाऱ्यास समज देणें, हींहि त्यांचींच कामें. त्या देशांत माध्यमिक शाळेच्या वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांना समाजसेवेचे ठराविक तास भरावे लागतात, आणि कांहीं विद्यार्थी ते या रस्त्यांवर मदत करून भरतात. म्हणजे या व्यवस्थेचे खांब कांहीं अंशीं तुमच्याच वयाचीं मुलें आहेत.

मार्गाच्या कडेला सायकलची चाकें व साखळ्या दुरुस्त करणारे कारागीर बसतात. फळें, रस व खाण्याचे पदार्थ विकणाऱ्यांची रांग लागते. शिवाय १९९५ पासून ठिकठिकाणच्या बागांत व चौकांत शिक्षक उंच व्यासपीठावर उभे राहून संगीताच्या तालावर लोकांकडून मोफत व्यायाम करून घेतात. तेथें साठीच्या आजीबाई आणि सहा वर्षांची नात एकाच ओळींत हात वर करतात, आणि चुकलें तरी कोणी हसत नाहीं.

परंतु बोगोट्याच्या रविवाराचें खरें महत्त्व व्यायामाच्या पलीकडे आहे. त्या शहरांत श्रीमंतांची वस्ती मुख्यतः उत्तरेस आणि गरिबांची दक्षिणेस आहे. वीज-पाण्याचे दर ठरविण्याकरितां तेथें वस्त्यांना १ पासून ६ पर्यंत श्रेणी दिलेल्या असतात, आणि मनुष्य कोणत्या श्रेणींत राहतो, यावरून त्याची पायरी ओळखण्याची संवय लोकांना जडली आहे. सोमवार ते शनिवार या दोन जगांची गांठ क्वचितच पडते. रविवारीं मात्र दक्षिणेकडील सुतार आणि उत्तरेकडील वकील एकाच डांबरी रस्त्यावर शेजारीं शेजारीं सायकल चालवितात. कोणाचा पगार किती, हें सायकलीच्या घंटेवरून कळत नाहीं. सात तासांपुरती कां होईना, एक पायरी सर्वांस समान होते. ज्या शहरांतील माणसें परस्परांस कधीं पाहतच नाहींत, त्यांत परस्परांविषयीं संशय वाढतो. आणि ज्या शहरांतील माणसें दर आठवड्यास परस्परांना वाट देतात, त्यांत विश्वासाला निदान जागा तरी मिळते.

खर्च आणि विरोध

व्यवहारी पालक येथें विचारतील कीं, "याला पैसा किती लागतो ?" प्रश्न रास्त आहे. चार शहरांतील अशा उपक्रमांचा जमाखर्च तपासणारा एक अभ्यास २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असें आढळलें कीं, बोगोटा शहरांत भाग घेणाऱ्या प्रत्येक मनुष्यामागें वर्षाचा खर्च सुमारें ६ डॉलर येतो, आणि खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागें औषधोपचारांचे तीन डॉलरांहून अधिक वांचतात. खर्च इतका थोडा कां ? कारण येथें नवें कांहींच बांधावयाचें नसतें. मैदान विकत घ्यावें तर जमीन महाग. पण रस्ता तर आधींच बांधलेला असतो, आणि त्याचे पैसेहि जनतेनेंच दिलेले असतात. फक्त त्याचा उपयोग कांहीं तासांपुरता बदलावयाचा असतो. एका खोलीच्या घरांत दिवसा जी जागा स्वयंपाकाची, तीच रात्रीं निजण्याची होते, हें आपल्याकडील कोणत्या गृहिणीस शिकविण्याची गरज आहे ?

विरोध मात्र झाला, आणि होतोच. २००७ च्या सुमारास एका लोकप्रतिनिधीनें या उपक्रमाची वेळ बदलण्याची सूचना आणली ; मोटारींना रविवारीं लवकर वाट मिळावी, हा तिचा आशय होता. नागरिकांनीं तिला इतका विरोध केला कीं, ती मान्य होऊं शकली नाहीं. लोकांना हें अंगण आतां आपलें वाटत होतें. आणि मार्च २०२० मध्यें कोरोनाच्या सांथींत गर्दीच्या बसगाड्यांतून जाणें धोक्याचें झालें, तेव्हां बोगोटा शहरानें सिक्लोव्हियाच्या अनुभवाच्या बळावर मोटारींच्या रस्त्यांवर अडथळ्यांचे खुंट मांडून थोड्याच दिवसांत तात्पुरते सायकल-मार्ग उभे केले. पंचेचाळीस वर्षांच्या संवयीचा उपयोग संकटकाळीं असा झाला.

इतरत्र काय झालें ?

बोगोटा एकटें नाहीं. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरांत १९६२ सालीं बाजारपेठेचा मुख्य रस्ता प्रयोगादाखल मोटारींना बंद करण्यांत आला. गिऱ्हाईक तुटेल, अशी दुकानदारांना धास्ती वाटत होती. आमच्या थंड देशांत रस्त्यावर रेंगाळणार कोण, असेंहि पुष्कळ जण म्हणत होते. प्रत्यक्षांत लोक येऊं लागले, रेंगाळूं लागले, आणि दोन वर्षांत तो रस्ता कायमचा पादचाऱ्यांचा झाला. जपानच्या टोकियो शहरांत गिन्झा नांवाच्या प्रसिद्ध पेठेचा मुख्य रस्ता ऑगस्ट १९७० पासून सुटीच्या दिवशीं दुपारीं पादचाऱ्यांसाठीं मोकळा होऊं लागला, व ती प्रथा अद्याप टिकून आहे. इंग्लंडच्या ब्रिस्टल शहरांत २००९ सालीं दोन मातांनीं शेजाऱ्यांची संमति घेऊन आपली छोटी गल्ली शाळा सुटल्यावर थोडा वेळ मोटारींना बंद केली, आणि मुलांना खडू, दोऱ्या व चेंडू देऊन बाहेर सोडलें. त्यांचें पाहून दुसऱ्या गल्ल्या पुढें आल्या, आणि जी जुनी प्रथा तेथें लोपत चालली होती, तिला पुन्हां पालवी फुटली.

आपल्या देशांतहि असे प्रयत्न झाले आहेत. दिल्लीशेजारच्या गुरुग्राम शहरांत १७ नोव्हेंबर २०१३ पासून रविवारीं सकाळीं कांहीं रस्ते लोकांना खुले करण्यास प्रारंभ झाला. 'राहगिरी' या नांवानें ती कल्पना इतर शहरांत पसरली. मुंबईंत मार्च २०२२ मध्यें पोलीस खात्यानें पुढाकार घेऊन रविवारीं सकाळीं शहराच्या निरनिराळ्या भागांतील कांहीं रस्ते खेळ, सायकल व व्यायाम यांकरितां मोकळे करून दिले. पुण्यास ११ डिसेंबर २०२१ रोजीं महानगरपालिकेनें 'पादचारी दिन' साजरा केला आणि सदा गजबजलेल्या लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांस बंद ठेवला. ज्या रस्त्यावर खांद्याला खांदा लागल्याखेरीज पाऊल टाकतां येत नाहीं, तेथें मुलें रस्त्याच्या मधोमध चाललीं, हें दृश्य पाहणाऱ्यांना नवलाचें वाटलें.

परंतु नवल वाटणें हीच आपली उणीव आहे. बोगोट्याच्या मुलाला रविवारच्या रस्त्याचें नवल वाटत नाहीं, जसें आपल्याला सूर्योदयाचें वाटत नाहीं. माझ्या मतें या सर्व कथेचें सार एवढेंच आहे : रस्ता एक दिवस खुला करणें हा उत्सव होतो, तोच ठराविक वारीं, ठराविक वेळीं, वर्षानुवर्षें खुला ठेवणें ही संस्था होते. उत्सवाला पाहुणे येतात, संस्थेला घरचीं माणसें असतात. उत्सवाला उत्साह पुरतो. संस्थेला नियम, माणसें आणि चिकाटी लागते. पुढच्या रविवारींहि रस्ता खुला असणारच, अशी खात्री असल्यावर आई मुलाला सायकल शिकविण्याचा बेत करते, म्हातारा मनुष्य काठी घेऊन निघतो, आणि मोटार चालविणाराहि आधींच दुसरी वाट धरतो. अनिश्चित गोष्टीवर कोणी आयुष्याची घडी बसवीत नाहीं.

आपल्याला हें नवें आहे काय ?

कोणी म्हणेल कीं, हें परदेशीं खूळ आहे. पण रस्ता लोकांना देणें महाराष्ट्राला मुळींच नवें नाहीं. आषाढी वारीच्या वेळीं आळंदीहून व देहूहून निघालेल्या पालख्या पुण्यांतून जातात, तेव्हां मोठमोठे रस्ते वाहनांस बंद होतात ; लाखों माणसें पायीं चालतात आणि दारादारांतून त्यांना पाणी व खाणें दिलें जातें. गणेश-विसर्जनाच्या दिवशींहि तेंच. वाहतूक कशी वळवावी, अडथळे कोठें उभारावे, रुग्णवाहिकेला वाट कशी द्यावी, हें आपल्या पोलिसांना व स्वयंसेवकांना उत्तम अवगत आहे. कायद्याचीहि अडचण नाहीं. मोटार वाहन अधिनियम १९८८ याच्या ११५ व्या कलमान्वयें लोकांच्या सुरक्षिततेसाठीं किंवा सोयीसाठीं एखाद्या रस्त्यावर वाहनांना मज्जाव करण्याचा अधिकार शासनाला व त्यानें नेमलेल्या अधिकाऱ्यांना आहे.

मग अंतर कोठें राहतें ? सणाच्या दिवशीं रस्ता गर्दीचा होतो, रविवारीं तो मोकळा व्हावा, एवढेंच अंतर आहे. खुल्या रस्त्यावर व्यासपीठ नको, अध्यक्ष नको, कर्णकर्कश ध्वनिक्षेपक तर नकोच नको. ज्यांच्या दारांत हा उपक्रम होणार, त्यांच्या घरीं आजारी माणसें असतात, रात्रपाळी करून निजलेलीं माणसें असतात, परीक्षेचा अभ्यास करणारीं मुलें असतात ; त्यांना त्रास झाला तर तो रस्ता खुला झाला असें म्हणतां येणार नाहीं, तो फक्त एकाकडून काढून दुसऱ्याच्या हातांत दिला असें होईल. तसेंच प्रायोजकांच्या जाहिरातींनीं तो भरून गेला, तर मोटारींची जागा दुकानांनीं घेतली, इतकाच फरक पडेल.

आणखी एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. रविवारची एक सकाळ हें सर्व दुखण्यांवरील औषध नव्हे. सोमवारीं त्याच रस्त्यावरून मुलांना शाळेंत जावयाचें असतें. रुंद व सलग पदपथ, ओलांडण्यासाठीं सुरक्षित जागा, आणि शाळेजवळ वाहनांच्या वेगाला मर्यादा, या गोष्टींची गरज रविवारच्या आनंदानें भागत नाहीं. मात्र रविवारीं ज्यानें रस्ता निर्भयपणें अनुभविला, तोच सोमवारीं अशा गोष्टी मागण्यास पुढें येतो. जें कधीं पाहिलेंच नाहीं, तें मनुष्य मागणार तरी कसें ?

आरंभ कोठून करावा ?

विद्यार्थिमित्रहो, १२७ किलोमीटरचें स्वप्न पाहण्याची घाई नको. आपल्या घरापुढील एक लहानशी गल्ली व दोन तास, एवढ्यावर आरंभ होऊं शकतो. प्रथम गल्लींतील प्रत्येक घरीं वडील मंडळींसह जाऊन विचारावें. जो 'नाहीं' म्हणेल, त्याचें म्हणणें आधीं ऐकावें, कारण त्याच्या हरकतींतच बहुधा व्यवस्थेंतील उणीव सांपडते. नंतर पालकांनीं नगरपालिका व वाहतूक पोलीस यांच्याकडे रीतसर अर्ज करावा. ज्या गल्लींतून बसगाड्या जात नाहींत व जिच्या जवळ पर्यायी वाट आहे, अशी गल्ली निवडावी. दोन्ही टोंकांना अडथळा ठेवून तेथें दोन दोन प्रौढ माणसांनीं शिट्टी घेऊन उभें राहावें. गल्लींत राहणाऱ्यांची गाडी आली तर तिला चालत्या माणसाच्या वेगानें, पुढें एक मनुष्य चालवून, आंत सोडावें. रुग्णवाहिका व अग्निशामक दल यांना तत्काळ वाट द्यावी. वेळ संपतांच अडथळे काढावे आणि कचरा झाडून न्यावा. ठरलेल्या वेळेपेक्षां पांच मिनिटें अधिक घेणाऱ्यास पुढल्या खेपेस परवानगी मागण्याचें तोंड राहत नाहीं.

आणि एक वही ठेवावी. त्या दोन तासांत मुलें किती आलीं, साठीच्या पुढील माणसें किती आलीं, स्त्रिया किती आल्या, कोणती तक्रार झाली, हें तींत लिहावें. गणित व नागरिकशास्त्र यांचा असा जिवंत धडा कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत सांपडणार नाहीं. अधिकाऱ्यापुढें दुसऱ्यांदा जातांना भाषणापेक्षां ती वही अधिक बोलेल.

पालकांस एकच विनंति. रस्त्यावर 'रस्ता बंद आहे' अशी पाटी दिसली कीं, आपल्या कपाळाला आंठी पडते. तें स्वाभाविक आहे. पण पाटीच्या पलीकडे जर दोरीवर उड्या मारणाऱ्या मुली आणि सायकल शिकणारे मुलगे दिसले, तर क्षणभर थांबून विचार करावा कीं, हा रस्ता बंद झाला आहे, कीं कित्येक वर्षांनीं प्रथमच खुला झाला आहे ?

त्या मुलाच्या आजीला मी अद्याप पाहिलेलें नाहीं. परंतु माझ्या मनांत एक रविवार आहे. सकाळचे आठ वाजले आहेत, चाळीपुढील रस्त्यावर गाडी नाहीं, आणि एक म्हातारी बाई नातवाचा हात धरून, मुळींच घाई न करतां, समोरच्या चाळीकडे चालली आहे. अंतर पुरतें वीस पावलांचें आहे. समोरच्या दारांत तिची बहीण चहाचें आधण ठेवून वाट पाहत उभी आहे. तो रविवार आणणें फारसें अवघड नाहीं. आणि तो आणण्याचें काम मोठ्यांनीं लांबणीवर टाकलें, तर तें लहानांनीं त्यांना आठवून द्यावें.